‘जोवा’ नेमका कोणाचा?

मनिलामध्ये प्रियकराला किंवा प्रेयसीला ‘जोवा’ म्हणतात. सेबू बेटावरही म्हणतात, दक्षिणेला दावाओमध्येही म्हणतात, आणि आखाती देशांत नोकरीला गेलेल्या फिलिपिनो परिचारिकांच्या फोनवरच्या गप्पांतही हा शब्द सर्रास येतो. घरची भाषा तागालोग असो, सेबुआनो असो की इलोकानो, जोवाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. तो आला कुठून, याचे उत्तरही बहुतेकांकडे तयार असते: ‘आसावा’ म्हणजे नवरा किंवा बायको, या शब्दाचे डोके उडवून तिथे ‘जो’ बसवला की झाला जोवा. उत्तर पटण्यासारखे आहे आणि बहुधा बरोबरही आहे. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. आसावा हा शब्द तागालोगमध्ये आहे, सेबुआनोमध्ये आहे, इलोकानोमध्ये आहे आणि कापाम्पांगानमध्येही आहे; रूप तेच, अर्थ तोच. मग जोवा घडवला तो कोणती भाषा बोलणाऱ्याने? शब्द कितीही उलटसुलट करून पाहिला तरी त्याच्या अंगावर तशी एकही खूण सापडत नाही.

अशा शब्दांवरून फिलिपिन्समध्ये तावातावाने वाद होतात. हा शब्द मूळचा आमचा, मनिलावाल्यांनी तो उचलला आणि दूरचित्रवाणीवरून देशभर स्वतःच्या नावावर खपवला, असे विसाया बेटांवरचे लोक म्हणतात. तागालोग बोलणारे शब्दाची फोड करून दाखवतात आणि प्रकरण मिटले असे समजतात. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की प्रत्येक शब्दाला एक मातृभाषा असलीच पाहिजे. माझा आक्षेप याच गृहीतकाला आहे. या देशातले अनेक टपोरी शब्द कोणत्याही एका भाषेच्या घरात जन्मलेले नाहीत. ज्या जागी अनेक भाषांची माणसे एकत्र आली तिथे, आपण ज्याला कट्टा म्हणतो तशा ठिकाणी, ते जन्मले. त्यांच्यापुढे ‘मूळ अनिश्चित’ असे लिहिणे ही अभ्यासकाची हार मानली जाते. पुष्कळदा तेच त्या शब्दाबद्दलचे सर्वांत अचूक विधान असते.

हे समजायला आधी शब्द कसे घडतात ते पाहिले पाहिजे. सुमारे 11 कोटी लोकांच्या या देशात भाषा किती, याचे आकडे मोजणाऱ्यागणिक 130 ते 180 च्या दरम्यान फिरतात. 1987 च्या राज्यघटनेने ‘फिलिपिनो’ ही राष्ट्रभाषा ठरवली. तिचा पाया तागालोगचा, आणि देशातल्या इतर भाषांतून तिने समृद्ध होत जावे अशी अपेक्षा. कट्ट्यावरच्या भाषेची आवडती युक्ती म्हणजे अक्षरे फिरवणे. ‘बालिक्ताद’ म्हणजे उलटे, आणि या युक्तीचे नावच उलटे करून ‘तादबालिक’ असे ठेवलेले आहे. आपल्याकडची पोरे ‘च’ची भाषा बोलतात त्याच जातीचा हा खेळ, पण तिथे तो पोरांपुरता उरला नाही. स्पॅनिश राजवटीविरुद्ध लिहिणाऱ्या मार्सेलो देल पिलार यांनी 1880 च्या दशकात आपले आडनाव फिरवून ‘प्लारिदेल’ हे टोपणनाव घेतले होते. 2017 च्या सुमारास ‘लोदी’ (आयडॉलचे उलटे), ‘पेतमालू’ आणि ‘वेर्पा’ (पॉवरचे उलटे) या शब्दांची लाटच आली.

आता या फिरवलेल्या शब्दांची नीट वर्गवारी करून पाहावी. ‘आस्तिग’ म्हणजे धडाकेबाज, जबरदस्त. तो ‘तिगास’, म्हणजे कठीण, या शब्दातून आला. सेबुआनोमध्ये कठीणला ‘गाही’ म्हणतात, तेव्हा आस्तिग तागालोगचाच. पेतमालू ज्यातून निघाला तो ‘मालुपित’ही तागालोग. ‘देहिन्स’ म्हणजे नाही. तो तागालोग ‘हिंदी’वरून. (होय, तागालोगमध्ये ‘हिंदी’चा अर्थ ‘नाही’ असा होतो. महाराष्ट्रातल्या भाषावादात याचा उपयोग करण्याचा मोह आवरलेला बरा.) इथे निकाल लागतो, कारण मूळ शब्द एकाच भाषेत आहे. पण ‘गोली’ घ्या. तो ‘लिगो’, म्हणजे आंघोळ, याचे उलटे रूप, आणि लिगो तागालोगमध्येही आहे, सेबुआनोमध्येही. लोदीचे मूळ तर इंग्रजी. अशा ठिकाणी पाया सामाईक, युक्ती सामाईक आणि बोलणारे रोज एकमेकांत मिसळणारे. वादी-प्रतिवादींनी एकच पुरावा पुढे करावा आणि दोघांनीही आपणच जिंकलो म्हणावे, अशी ही स्थिती आहे. आणखी संशोधनाने हा गुंता सुटेल असे म्हणण्यातही फारसा अर्थ नाही, कारण जी खूण शब्दावर कधी उमटलीच नाही ती भिंगाखाली धरूनही दिसणार नाही.

याहून अवघड प्रकरण ‘टॉम जोन्स’चे. फिलिपिन्समधल्या समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींच्या बोलीत, जिला 1970 च्या दशकापासून ‘स्वार्डस्पीक’ असे नाव आहे, टॉम जोन्स म्हणजे भूक लागलेला. भुकेला शब्द ‘गुतोम’. तो फिरवून झाला ‘तोमगुत्स’, आणि तोमगुत्सचे ‘तोम’ ऐकून कोणाला तरी त्या वेल्श गायकाची आठवण झाली. त्याच न्यायाने मत्सर झाला की अभिनेत्री जेली दे बेलेनचे नाव घ्यायचे, कारण ‘जेलस’. हरले की लुझ वाल्देझचे, कारण ‘लूज’. या बोलीचा हेतूच असा, की बाहेरच्याला माग लागू नये. मूळ शब्द आणि वापरातला शब्द यांच्यामधली पायरी मुद्दाम काढून टाकायची. ज्यांनी पाऊलखुणा पुसण्यासाठीच भाषा घडवली त्यांच्या शब्दांचा पक्का माग काढल्याचा दावा कोणी करत असेल तर जरा थांबून ऐकावे. आणि गुतोम? तोही तागालोग आणि सेबुआनो या दोन्ही भाषांत जसाच्या तसा आहे.

भाषाशास्त्र जाणणारा वाचक इथे हरकत घेईल. शब्दांचे नाते ठरवायला ध्वनिनियम नावाचे चांगले हत्यार आहे, ते का वापरत नाही? हत्यार खरोखरच धारदार आहे. अमेरिकी अभ्यासक कार्लोस एव्हरेट कोनंट यांनी 1911 मध्येच दाखवले होते की एका प्राचीन र-सदृश ध्वनीचे या भाषांत ठरावीक वळणाने वेगवेगळे झाले. ‘नवा’ या अर्थाचा शब्द तागालोगमध्ये ‘बागो’, इलोकानोमध्ये ‘बारो’, पांगासिनानमध्ये ‘बालो’ आणि कापाम्पांगानमध्ये ‘बायू’. ग, र, ल, य हा फरक दिसला की ओळखावे, शब्द वारशाने आला आहे आणि प्रत्येक घरात आपापल्या पद्धतीने वाढला आहे. उलट ‘सिगे’, म्हणजे ठीक आहे, चालू दे, हा शब्द सगळीकडे सारखाच ऐकू येतो, कारण तो स्पॅनिशमधून सगळ्यांनी उचलला. या कसोटीवर जोवा लावला तर उत्तर मिळते, की तो वारशाचा शब्द नाही, अलीकडचा आहे आणि एका भाषेतून दुसरीत गेलेला आहे. पण हे तर कोणी नाकारतच नव्हते! कोणत्या दिशेने गेला हा प्रश्न होता, आणि पाच-पन्नास वर्षांच्या शब्दावर ध्वनिनियमांना काम करायला वेळच मिळालेला नसतो. शिवाय हे नियम नकळत घडणाऱ्या बदलांचे आहेत. माणूस हसण्यासाठी, लपवण्यासाठी, मिरवण्यासाठी शब्द जाणूनबुजून मोडतो तेव्हा तो कोणताच नियम पाळत नाही.

नियम हाती नसले की कान कामाला लागतो, आणि कान फसवतो. ‘लांग्गाम’ म्हणजे तागालोगमध्ये मुंगी आणि सेबुआनोमध्ये पक्षी. ‘आतिक’ म्हणजे मनिलाच्या रस्त्यावर पैसा (‘किता’, म्हणजे कमाई, याचे उलटे), तर सेबूमध्ये आतिक म्हणजे थाप, गंमत. दोन्ही टपोरी, दोन्ही एकाच रूपाचे. एकातून दुसरा कसा निघाला याची फक्कड गोष्ट दहा मिनिटांत रचता येईल: पैसा म्हणजे शेवटी थापच, वगैरे. तशा गोष्टी रचल्या जातातच. ‘जोलोग्स’ म्हणजे खालच्या वर्गाच्या आवडीनिवडी असणारा, गावंढळ. 2002 मध्ये या नावाचा चित्रपटही आला. त्याची एक व्युत्पत्ती सांगतात ती गरिबाच्या ताटावरून: सुकवलेल्या बारीक मासळीला ‘दिलिस’, सुक्या खारवलेल्या मासळीला ‘तुयो’ आणि अंड्याला ‘इतलोग’ म्हणतात, त्यांचा हा संक्षेप. दुसरी सांगतात ती 1990 च्या दशकातली तारका जोलिना माग्दांगाल हिच्या चाहत्यांवरून. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे कठीण, दोन्ही खोट्या असणे सहज शक्य. सर्वांत बहारदार कथा ‘चोर्वा’ची आहे. हा शब्द ‘ते हे आपलं’ अशा अर्थाने, नेमका शब्द न सुचल्यास वापरतात. तो ‘केओर्वामुस’ अशा कुठल्याशा ग्रीक शब्दावरून आला असे गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते. असा ग्रीक शब्द नाही. ‘-आमुस’ हे शेपूट तर लॅटिन क्रियापदाला शोभणारे आहे. नेमका शब्द न सुचल्यावर वापरायच्या शब्दासाठी कोणीतरी ग्रीक शब्दच बनवून टाकला, म्हणजे गंमत शब्दाला साजेशीच झाली म्हणायची.

आपल्या परंपरेला ही हौस अनोळखी नाही. निरुक्तकार यास्काने बजावून ठेवले आहे की साम्य दिसले नाही तरी एखाद्या अक्षराच्या आधाराने का होईना निर्वचन करावे, पण ते केल्यावाचून राहू नये. वैदिक शब्दाचा अर्थ लावल्याशिवाय कर्मकांड अडून बसते अशा काळात तो सल्ला समजण्यासारखा होता. जोवावाचून कोणाचा यज्ञ अडलेला नाही.

याचा अर्थ टपोरी शब्दांचे मूळ कधीच सापडत नाही असा मुळीच नव्हे. ‘तोकहांग’ पाहा. सेबुआनोमध्ये ‘तोकतोक’ म्हणजे दार ठोठावणे आणि ‘हांग्यो’ म्हणजे विनवणी. दावाओच्या पोलिसांनी अमली पदार्थविरोधी मोहिमेला हे जोडनाव दिले. 2016 मध्ये दावाओचेच रोद्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मोहीम आणि शब्द दोन्ही देशभर गेले. विनवणीचा शब्द मरणाचा शब्द झाला आणि 2018 मध्ये ‘साविकाआन’ या भाषापरिषदेने त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. त्याचे मूळ पक्के आहे, कारण तो कागदावर जन्मला. ‘तांबाय’ म्हणजे नाक्यावर रिकामा बसणारा. तो इंग्रजी ‘स्टँड बाय’वरून ‘इस्तांबाय’ होत आला, आणि ही मधली पायरी अजून बोलीत जिवंत असल्याने शंका उरत नाही. तांबाय जिथे बसतो ते ‘तांबायान’, अगदी आपला कट्टा. 2018 च्या जूनमध्ये पोलिसांनी अशा हजारो कट्टेकऱ्यांना धरले, तेव्हा वाट पाहत बसणे हाच गुन्हा ठरला.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘पिनॉय’. आज फिलिपिन्समधला कोणत्याही भाषेचा माणूस स्वतःला पिनॉय म्हणवतो. फिलिपिनोची शेपटी धरली आणि निनॉय, तोतॉय अशा लाडाच्या नावांसारखा शेवट तिला लावला, की शब्द तयार. तो छापील स्वरूपात आढळतो तो 1920 च्या दशकात, आणि तोही फिलिपिन्सपासून हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या फिलिपिनो स्थलांतरितांमध्ये. कॅलिफोर्नियातल्या शतावरीच्या शेतांत आणि अलास्कातल्या सामन मासळीच्या कारखान्यांत इलोकानो, विसाया आणि तागालोग मजूर एकाच बराकीत झोपत होते. मालकाच्या लेखी सगळे सारखेच. घरी असते तर ते एकमेकांना प्रांतावरून ओळखत. बराकीत त्यांना एक सामाईक नाव लागले आणि ते त्यांनी घडवले. पिनॉय तागालोग की इलोकानो, हा प्रश्न त्या बराकीत कोणी विचारला असता तर लोक हसले असते. जोवाची बराक बहुधा ब्यूटी पार्लर होती. तिथले केस कापणारे, नटवणारे ‘पार्लरिस्ता’ अनेकदा समलिंगी वा तृतीयपंथी, आणि शहरातल्या पार्लरमध्ये ते निरनिराळ्या प्रांतांतून आलेले. शब्द कोणत्या भाषेचा, या भांडणात तो कोणत्या माणसांचा हे कोणी विचारत नाही. जाहिरातदार आणि मालिकालेखक ज्यांचे शब्द फुकट वापरतात ती ही माणसे आहेत. भाषिक अस्मितेच्या दोन्ही बाजू त्यांना सारख्याच सहजतेने विसरतात.

यावर सर्वांत गंभीर हरकत विसायाकडून येईल, आणि ती टाळता येणार नाही. ‘मूळ अनिश्चित’ म्हणणे तटस्थ दिसते, पण ज्याच्या हाती छापखाने, वाहिन्या आणि कोश आहेत त्याचाच त्यात फायदा होतो. 1937 मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोगची निवड झाली तेव्हापासूनचा हा सल आहे. ‘चार’ हा शब्द पाहा. आपल्या आकड्याशी त्याचा संबंध नाही, त्याचा अर्थ ‘गंमत केली हो’. विसाया-मिंदानाओकडे चार अधिक ऐकू येतो, मनिलाकडे ‘चारोत’. चारोत तोडून चार झाला की चार वाढवून चारोत? मनिलातले छापील पुरावे आधीचे निघाले तरी त्यातून सिद्ध होईल ते इतकेच, की छापखाना मनिलात होता. हरकत रास्त आहे. मात्र तिच्यावरचा उपाय म्हणून विसायाने आपली प्रतिव्युत्पत्ती रचणे मला पटत नाही, कारण गोष्टीला गोष्ट भिडली की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, आणि मोठा आवाज कोणाचा हे आधीच ठरलेले आहे. दुबळ्या पक्षाला पुरावाच उपयोगी पडतो. जॉन वुल्फ यांचा सेबुआनो कोश 1972 मध्ये निघाला. डेव्हिड झॉर्क यांनी 1970 च्या दशकात विसाया बोलींची तुलना केली आणि पुढे तागालोग टपोरी शब्दांचाही कोश केला. सेबूचे रेडिओ कार्यक्रम, विसाया नियतकालिके, बोटींवरच्या खलाशांची बोली यांतून तारीखवार नोंदी काढल्या तर मनिलाचा दावा खरोखर डळमळेल. आणि तोकहांगने दाखवून दिलेच आहे की सत्ता दावाओहून निघाली तर शब्दही दावाओहून निघतात.

दुसरी हरकत हलकीफुलकी आहे: लोकांना गोष्टी सांगू द्या की, कोणाचे काय जाते? कधी कधी बरेच जाते. फिलिपिन्समध्ये ‘साल्व्हेज’ करणे म्हणजे पकडून, खटल्याविना मारून, मृतदेह कुठेतरी टाकून देणे. फर्दिनांद मार्कोस यांच्या 1972 पासूनच्या लष्करी कायद्याच्या काळातला हा अर्थ आहे. इंग्रजीत साल्व्हेज म्हणजे वाचवणे, तेव्हा हे उलटे कसे झाले? एक उत्तर असे, की स्पॅनिश ‘साल्वाहे’वरून तागालोगमध्ये ‘साल्बाहे’ आला, अर्थ रानटी, दुष्ट. त्याचा उच्चार इंग्रजी शब्दाशी मिसळला. दुसरे असे, की मारणाऱ्यांनीच कुत्सितपणे हा गोंडस शब्द वापरात आणला. पहिल्यात शब्द जनतेचा आहे आणि मारेकऱ्याला रानटी ठरवतो. दुसऱ्यात तो मारेकऱ्याच्या तोंडचा आहे. पहिले उत्तर नीटनेटके आहे, म्हणून ते सांगून लोक पुढे जातात, आणि हा शब्द प्रथम कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणाच्या तोंडून ऐकला गेला, ही चौकशी मागे पडते. ज्यांनी तो ऐकला होता ती पिढी आता म्हातारी झाली आहे.

भारतीय वाचकाला यातला एक मोह विशेष जवळचा आहे. तागालोगमध्ये ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘काथा’ म्हणजे रचना. हे शब्द खरोखर संस्कृतातून गेलेले आहेत. लागुना प्रांतात 1989 मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर शके 822, वैशाख महिना, कृष्ण पक्ष चतुर्थी, सोमवार असा काळ कोरलेला आहे. पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला तो अनुवादाशिवाय कळेल. त्रिनिदाद पार्दो दे तावेरा यांनी 1887 मध्ये, म्हणजे फिलिपिनो लेखक रिझाल यांची कादंबरी ‘नोली मे तांगेरे’ निघाली त्याच वर्षी, तागालोगमधल्या संस्कृतवर पुस्तक लिहिले. स्पेनच्या तुच्छतेला ते उत्तर होते, आणि उत्साहात त्यांची यादी पुराव्यापेक्षा लांब झाली. आजही आसावा ‘स्वामी’वरून आला असे सांगणारे भेटतात, म्हणजे जोवाही पर्यायाने आपलाच! पण पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांवरच्या चामोरो भाषेत जोडीदाराला ‘आसाग्वा’ म्हणतात, आणि ती बेटे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसली, संस्कृतचे वारे त्या समुद्रात पोचण्याच्या कितीतरी आधी. स्वामींना इथे विश्रांती द्यावी.

एखादी तारीख किती काम करते याचे चांगले उदाहरण ‘पेरा’. आज तो पैशाचा साधा, सभ्य शब्द आहे. काहींच्या मते तो मलय ‘पेराक’, म्हणजे चांदी, यावरून आला. काहींच्या मते स्पॅनिश ‘पेर्रा’, म्हणजे कुत्री, यावरून. स्पेनने 1870 मध्ये पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर सिंह होता आणि लोक त्याला थट्टेने कुत्री म्हणत. 1870 पूर्वीच्या एखाद्या पत्रात, हिशेबवहीत, पाद्र्यांनी केलेल्या कोशात पैसा या अर्थाने पेरा सापडला, की कुत्रीची गोष्ट तिथेच संपेल. न सापडला म्हणून मलयचे पारडे आपोआप जड होणार नाही, कारण चांदीसाठी तागालोगमध्ये ‘पिलाक’ हा त्याच घराण्यातला शब्द आधीपासून आहे आणि तो दुसऱ्या रूपात पुन्हा का यावा, हे सांगावे लागेल. लोदी आणि पेतमालूची अवस्था याहून बरी आहे. ते ज्यांनी पहिल्यांदा लिहिले त्यांचे फोनसंदेश, तारखेसकट, कोणाच्या तरी जुन्या मोबाइलमध्ये अजून पडलेले असतील. त्यांची नोंद मनिलाइतकीच सेबू, इलोइलो आणि दावाओमधूनही गोळा करायची तर ती आत्ताच करावी लागेल, ते मोबाइल भंगारात जाण्याआधी.